पंख्याचा गोल

रविवार, २ फेब्रुवारी

हैदराबादच्या घाऊकवाल्यानं घोटाळा केला. मी मागवले होते लुडो आणि कॅरमच्या सोंगट्या. खोकं फोडलं तर आतून निघाल्या बाहुल्या. बोटाच्या पेराएवढे फुटबॉलवाले, निम्मे लाल, निम्मे निळे. प्रत्येकाच्या पायाखाली अर्ध्या लिंबासारखी बैठक. ढकललं की डोलतात, पण पडत नाहीत. सोबत बोराएवढा चेंडू, फुंकर मारली तरी पळणारा.

आप्पांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या एक बाहुली उचलून चष्म्याजवळ धरली. "हे काय हाय?"

"फुटबॉल, आप्पा. टेबलावरचा."

"आपल्या ताडकळसात खऱ्या फुटबॉलला कुणी इचारंना, ह्या खोट्याला कोण घेतंय? परत धाड."

धाडणारच होतो, पण संध्याकाळी सिताराम आला. दर रविवारी येतो. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. आता तो गावच्याच शाळेत गुरुजी आहे आणि मी जनरल स्टोअरवाला. चारचौघांत मी त्याला गुरुजी म्हणतो, तो मला शेठ. दोघंच असलो की तो सित्या आणि मी शिव्या. शिवकांतचं शिव्या करण्यात त्याला लहानपणापासून फार आनंद होतो.

त्यानं खोक्यातला इंग्रजी कागद वाचला. नियम सोपा आहे. नखानं टिचकी मारायची बाहुलीला, बाहुलीनं मारायचं चेंडूला. नेम चुकला की पाळी समोरच्याची. काउंटरवरच्या टिकल्यांच्या पाकिटांचे गोल केले आणि दुकान बंद होईपर्यंत खेळलो. मी तीन-शून्य हरलो. पहिलाच दिवस होता. शिवाय काउंटर त्याच्या बाजूनं उताराला आहे.

वही लिहायला आजपासून सुरुवात. ही कल्पना त्रिवेणीची. मी तिला सामना सविस्तर सांगत होतो तर म्हणाली, "अहो, हे समदं वहीत लिवा की. वही मधीच झोपत न्हाई."

बुधवार, १२ फेब्रुवारी

लीग काढायचं ठरलं. सिताराम म्हणाला, "दोघंच खेळलं तर लोक म्हणतेत रिकामटेकडे. पाच जण खेळलं की त्याला संघटना म्हणतेत."

तालुक्याला नाही, जिल्ह्याला नाही, अशी गोष्ट ताडकळसला होणार. मी झोपेतसुद्धा टिचक्या मारतो, अशी तक्रार आहे. त्रिवेणीच्या कानाला एक लागली म्हणे.

संघ असे: माझा नंदी फुटबॉल क्लब. सितारामचा पंचशील. चुडाव्याचा बालाजी रेल्वेत आहे, त्याचा चुडावा पॅसेंजर. उपकेंद्राच्या सिस्टर बबिता, त्यांच्या संघाचं नाव त्यांनी नुसतं "दवाखाना" ठेवलं. आणि रिटायर ग्रामसेवक किशनराव. त्यांना खेळायचं नव्हतं, अध्यक्ष व्हायचं होतं. केलं. पंचही तेच.

घाऊकवाल्याकडून आणखी एक खोकं मागवलं. रंग मात्र तेच दोन, म्हणून बाहुल्यांना नेलपॉलिश लावायचं ठरलं. हे काम सितारामच्या घरी सुकेशनीवहिनींनी आणि आमच्या त्रिवेणीनं मिळून केलं. चुडाव्याचे खेळाडू आता चकाकत्या गुलाबी रंगाचे आहेत. बालाजी जरा नाराज आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

मैदान तयार झालं. अख्खी फळी दुकानामागच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून दोन वेगळे अर्धे घेऊन मधे बिजागऱ्या लावल्या. एक अर्धा माझ्या जुन्या मांडणीचा, एक सितारामच्या जुन्या पलंगाचा. वर हिरवं मखमली कापड, खडूच्या रेघा, मच्छरदाणीच्या जाळीचे गोल. डोळ्यांचं पारणं फिटलं.

उद्घाटनाला नारळ फोडला. किशनराव कॅनव्हासचे बूट घालून आले होते. त्यांना वाटलं होतं शाळेच्या मैदानावर आहे. तरी त्यांनी भाषण केलं. ग्रामीण भागातल्या तरुणांनी मैदानी खेळांकडे वळावं, असं म्हणाले. आम्ही टेबलाभोवती उभं राहून टाळ्या वाजवल्या. आमच्यात सगळ्यात तरुण बबिता सिस्टर, त्याही चाळिशीच्या.

पहिला सामना: दवाखाना विरुद्ध नंदी. मी पाच-शून्य हरलो. सिस्टरांची टिचकी भयंकर आहे. "रोज इंजेक्शनला टिचक्या मारून हवा काढायची सवय हाय, भाऊ," म्हणाल्या. असला सराव आधीच असणाऱ्यांना लीगमध्ये घ्यावं की नाही, यावर विचार व्हायला पाहिजे.

सोमवार, १७ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. हरत होतो.

आता मात्र गाडी रुळावर आली आहे. काल चुडाव्याला चार-एकनं हरवलं. बालाजी म्हणाला, रात्रपाळी करून आलोय, बाहुल्या दोन-दोन दिसायल्यात. मी त्याला म्हणलं, मग एकीला तरी टिचकी लागायला पाहिजे होती. सगळे हसले. सिताराम तर खाली बसून हसला.

तो हसला की आपण काहीतरी बोललो असं वाटतं. ही आपली नोंद.

बबिता सिस्टरांना पुढचे सगळे रविवार लसीकरणाची ड्युटी लागली. त्यांनी नाव मागं घेतलं. वाईट वाटलं. आता कपासाठी, म्हणजे मीच दुकानातून काढलेल्या कपासाठी, उरले पंचशील आणि नंदी. अंतिम सामना सहा एप्रिलला.

रविवार, ६ एप्रिल

घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं वाद नको.

सकाळपासून लाईट नव्हती. ऊन असं की दुकानातल्या मेणबत्त्या वाकल्या. मागच्या खोलीत आम्ही सगळे घामानं निथळत. किशनराव शिट्टी घेऊन स्टुलावर. एक-एक बरोबरी. शेवटची पाळी माझी. मी देवाचं नाव घेतलं, टिचकी मारली. बाहुली लागली, चेंडू निघाला, सितारामच्या गोलकीपरच्या बगलेतून गेला आणि रेघेच्या अलीकडं सुपारीभर अंतरावर थांबला.

आणि लाईट आली.

पंख्याचं बटण पाचवर होतं. पंखा फिरला. चेंडू हलला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि आत गेला.

"गोल!" मी ओरडलो.

"कशाचा गोल?" सिताराम म्हणाला. "तो पंख्यानं मारलाय."

"खऱ्या फुटबॉलला वारं नसतंय का?"

"खऱ्या मैदानावर वारं देव देतोय. हे वारं लाईनमननं दिलंय."

दोघांनी किशनरावांकडं बघितलं. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, घाम पुसला आणि सांगितलं, "सदरचा विषय पुढील सभेत घेण्यात यावा." नोकरीभर त्यांनी एवढंच केलं.

मग शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, शेवटची टिचकी पुन्हा मार. मी म्हणलं, का मारू? तो म्हणाला, नियम. मी म्हणलं, दुकान माझं, पंखा माझा, मग त्यानं मारलेला गोल पण माझाच. साधा हिशोब आहे. मला वाटलं तो हसेल.

तो हसला नाही. जरा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं आपल्या बाहुल्या एकेक करून रुमालात बांधल्या आणि म्हणाला, "बरं हाय, शेठ."

खोलीत आमचीच माणसं होती. तिथं शेठ म्हणायची काय गरज होती?

हरलं की माणूस असा चिडतो. होईल दोन दिवसांत शांत.

मंगळवार, ८ एप्रिल

सिताराम आला होता. मला वाटलं बोलायला आला. हातात पेचकस होता. मैदानाच्या बिजागऱ्या सोडवल्या, आपल्या पलंगाचा अर्धा काखेत घातला, बिजागऱ्या खिशात घातल्या आणि गेला. जाताना आप्पांच्या पाया पडला.

आप्पा म्हणाले, "काय झालं रे?"

"काही न्हाई. नियमाचा प्रश्न हाय."

"फळी कापून नेली तेनं."

"कापली न्हाई, सोडवली."

रविवार, १३ एप्रिल

आता ताडकळसात दोन लीग आहेत. माझी ती मूळ ताडकळस लीग. त्याची ती खरी ताडकळस लीग. कप माझ्याकडं आहे. शिट्टी त्याच्याकडं, कारण ती शाळेची होती.

किशनराव माझ्याकडं राहिले, कारण खुर्ची इथं आहे. बालाजीनं दोन्हीकडं नाव दिलं. "मी रेल्वेचा माणूस, शेठ. दोन्ही फलाटांवर थांबावं लागतंय." बबिता सिस्टरांना ड्युटीवर जाऊन भेटलो. त्या कुणाच्या तरी लेकराला डोस पाजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, दोन गोल असलेलं मैदान दावा, मंग येते. एका गोलावर कोण खेळतंय?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या अर्ध्यावर एकच गोल आहे.

सोमवार, १४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. दरवर्षी मिरवणूक आमच्या दुकानासमोर थांबते आणि मी लिंबाचं सरबत वाटतो. त्रिवेणीनं सकाळी विचारलं, "ह्या वर्षी करायचं का?" मला राग आला. म्हणलं, "भांडण सितारामशी हाय, बाबासाहेबांशी हाय का?" नेहमीपेक्षा मोठी टाकी भरली.

सिताराम पांढऱ्या शर्टात पुढंच होता. दरवर्षी तो टाकीजवळ येऊन ओरडतो, "शिव्या, साखर कमी हाय!" मी म्हणतो, "गुरुजींना साखर वर्ज्य हाय." ठरलेलं असतं. या वर्षी त्यानं ग्लास घेतला, दुसरीकडं बघत प्यायला आणि ठेवला. साखरेबद्दल काही बोलला नाही.

साखर खरंच कमी होती. मी मुद्दामच कमी टाकली होती.

रविवार, २० एप्रिल

मूळ लीगचा पहिला सामना झाला. एकाच गोलावर दोघांनी हल्ला करायचा असा नियम केला. त्यामुळं बचावाला कुणीच नाही. बालाजीनं नऊ गोल केले, मी अकरा. पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. किशनराव मधेच झोपले.

"तिकडं कसं चाललंय?" मी बालाजीला सहज विचारलं.

"तिकडं बी असंच हाय. गुरुजी इचारत हुते, इकडं कसं चाललंय म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"जोरात हाय म्हणून सांगितलं."

"बरं केलंस. तिकडं पण सांग, जोरात हाय म्हणून."

"तेनीबी तेच सांगायला सांगितलंय."

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. पालमकडचा कुणी तरी, टॉर्च बघत होता. त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. म्हणाला, "तुमचं त्या गुरुजीसंगं बिनसलं म्हणं. जाऊ द्या शेठ, ती माणसं तशीच असतेत."

मी त्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला. म्हणलं, "भांडण पंख्याचं हाय. पंख्याला जात न्हाई. उठा." तो गेला. आप्पांनी विचारलं, गिऱ्हाईक का घालवलंस? म्हणलं, टॉर्च खराब होता. टॉर्च चांगला होता. सितारामबद्दल काय बोलायचं ते मी बोलीन. दुसऱ्या कुणाला परवानगी नाही.

रविवार, ४ मे

बालाजीची ड्युटी. किशनराव लेकीकडं नांदेडला गेले. लीग बंद ठेवायची नाही, म्हणून मी एकटाच खेळलो. उजवा हात नंदी, डावा हात पंचशील.

डाव्या हातानं हरवलं.

त्रिवेणी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कोण जिकलं?"

"पंचशील."

"बरं झालं," म्हणाली आणि गेली.

शुक्रवार, ९ मे

घरात कुरडयांचं काम चाललंय. म्हणजे आमच्या घरात नाही. त्रिवेणी रोज सकाळी सुकेशनीवहिनींच्या गच्चीवर जाते आणि दुपारी त्या आमच्या गच्चीवर येतात. मी म्हणलं, सध्या आपलं त्यांच्याशी जमत नाही, हे लक्षात आहे ना? त्रिवेणी म्हणाली, "आमची लीग येगळी हाय."

जेवताना तळलेली कुरडई वाढली. छान झाली होती. मी आणखी मागितली.

"ही त्येंच्या गच्चीवरची हाय," त्रिवेणी म्हणाली.

तोवर मी खाल्ली होती.

मग तिनं पाणी भरता भरता सांगितलं, "गुरुजींची बदली झाली. पालमला. शाळा उघडायच्या आदी हजर व्हायचंय. घर बी तिकडंच बघितलंय."

मी म्हणलं, "बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं. सरकारी नोकरी हाय, बदली होणारच. आता ताडकळसात एकच लीग राहील. गोंधळ मिटला."

त्रिवेणी माझ्या ताटाकडं बघत होती. दुसरी कुरडई तशीच राहिली होती. पोट भरलं होतं.

मंगळवार, १० जून

आज सिताराम गेला. सकाळी टेम्पो त्यांच्या गल्लीतून निघाला आणि आमच्या दुकानासमोर थांबला. कपाट, पिंप, गाद्या, आणि सगळ्यांत वर दोरीनं बांधलेलं हिरवं अर्धं मैदान. सिताराम ड्रायव्हरशेजारी बसला होता. सुकेशनीवहिनी उतरून आत त्रिवेणीला भेटायला गेल्या. बऱ्याच वेळानं डोळे पुसत आल्या आणि टेम्पोत चढल्या. तरी टेम्पो उभाच.

मला बाहेर जाता आलं नाही. एका बाईला हेअरपिना दाखवत होतो. ती म्हणाली, "शेठ, मला पिना नकोत, मी मघाच म्हणलं की." पण मालाची माहिती द्यायला पाहिजे.

टेम्पो चांगला वेळ थांबला. ड्रायव्हरला तंबाखू मळायची असेल.

मग गेला.

आप्पांनी गल्ल्यावरून उठून हेअरपिनांचा डबा जागेवर ठेवला.

बुधवार, १८ जून

शाळा उघडल्या. दुकानात श्वास घ्यायला सवड नाही. वह्या, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या. मागच्या खोलीत माल ठेवायला जागा नाही, कारण तिथं अर्धं मैदान आहे. त्याच्यावर वह्यांचे गठ्ठे ठेवले. मग काढले. मखमल दबते.

या मैदानाचा आता काहीतरी निकाल लावायला पाहिजे. विकावं तर अर्धं कोण घेणार? ज्याच्याकडं दुसरं अर्धं आहे त्यालाच त्याचा उपयोग. हा निव्वळ व्यवहाराचा विचार आहे.

रविवार, २२ जून

आज लय लिहायचं आहे.

सकाळी आप्पांना म्हणलं, "जरा पालमला जाऊन येतो. फळी देऊन टाकतो. जागा अडतीय."

मला वाटलं ओरडतील, ऐन सीझनात दुकान सोडून चाललास म्हणून. आप्पा म्हणाले, "जा. दुकानाचं मी बघतो. पिना बी मीच दावतो."

फळी घेऊन यष्टीत चढणं सोपं नाही. आधी मी चढलो तर फळी दारात अडकली. मग फळी आधी घातली तर मी बाहेर राहिलो. शेवटी मागून कुणी तरी ढकललं आणि दोघं आत आलो. जागा मिळाली, पण फळी ठेवायची कुठं? मांडीवर आडवी घेतली. तिचं दुसरं टोक शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर गेलं. सरजाबाई तिचं नाव, बाजारातून कोथिंबीर घेऊन लेकीकडं निघाली होती. तिनं काही न विचारता कोथिंबिरीच्या जुड्या अर्ध्या वर्तुळात नीट मांडून ठेवल्या.

कंडक्टर बाई आल्या. "हे काय हाय?"

"मैदान."

"कशाचं?"

"फुटबॉलचं. अर्धं हाय."

"मंग अर्धं तिकीट फाडू का?" सगळी यष्टी हसली. माझं पूर्ण तिकीट फाडलं, मैदानाचं सोडून दिलं.

गाडी हलल्यावर सरजाबाईनं विचारलं, "दुसरं अर्धं कुटं हाय?"

"पालमला."

"वाटणी झाली व्हय?"

"झाली म्हणायची."

"भाऊ हाय का तुमचा?"

"भाऊ न्हाई. दोस्त."

सरजाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं. "मंग वाटणी कशापायी? वाटण्या तर भावाभावात होतेत."

मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. पालम येईपर्यंत बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघितलं. उतरताना सरजाबाईनं कोथिंबिरीची एक जुडी माझ्या खिशात खोचली.

सितारामचं घर विचारत विचारत गेलो. दार त्यानंच उघडलं. बनियनवर होता. त्यानं मला बघितलं, फळी बघितली, खिशातली कोथिंबीर बघितली.

"काय शेठ, इकडं कुठं?"

"जागा न्हाई दुकानात. वह्या आल्यात."

"मंग पालमपर्यंत कशाला आणायची? वाटंत टाकायची."

"कंडक्टरनं टाकू दिली न्हाई."

आतून सुकेशनीवहिनींचं हसू ऐकू आलं. "या की आत," म्हणाल्या, "मैदानाला बी घेऊन या."

खोली लहान. त्याचा अर्धा भिंतीला उभा होता. मखमलीवर धुळीचा कण नव्हता आणि खडूच्या रेघा ताज्या ओढलेल्या. शाळेत खडू फुकट मिळतात, म्हणून असेल. माझ्या अर्ध्यावर वह्यांचे वळ आणि आता चिखल.

चहा झाला. हवापाण्याचं बोलणं झालं. नवी शाळा बरी आहे म्हणाला. मुलं बरी आहेत. संध्याकाळी काय करतोस विचारलं, तर काही नाही म्हणाला. मग रिकाम्या कपात बघून बघून किती बघणार?

तो उठला, फडताळातला डबा काढला. त्यात बिजागऱ्या होत्या, पेचकस होता. खाली बसला आणि फळ्या एकमेकींना लावू लागला. मी टोक धरलं. माझी बाजू जरा फुगली होती, मधे पायरी झाली. त्यानं खाली पुठ्ठा सारला. मैदान झालं.

खोलीत उकाडा म्हणजे भट्टी. त्यानं बाहुल्या मांडल्या. मी माझ्या पिशवीतून नंदीचा संघ काढला. आता पिशवीत तो होता, म्हणून काढला. सिताराम बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"पंखा लावू का?"

मी म्हणणार होतो, लाव की, जीव चाललाय. पण तो बटणावर हात ठेवून तसाच माझ्याकडं बघत होता. सहा एप्रिलला बघितलं होतं तसंच. आणि मला माझेच शब्द ऐकू आले. आपल्या घरात ऐकलं की वेगळं वाटतं आणि दुसऱ्याच्या घरात ऐकलं की वेगळं.

"घर तुझं," मी म्हणलं. "पंखा तुझा. तू म्हणशील तसं."

त्यानं हात खाली घेतला. मग म्हणाला, "घामाघूम झालायस, शिव्या."

"होऊ दे. बंदच राहू दे."

खेळलो. घाम मैदानावर ठिबकत होता, डाव्या बाजूला तळं झालं. पूर्वार्धात तो दोन-शून्य पुढं. मधल्या सुट्टीत त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि एकदम म्हणाला, "तो गोल हुता, बरं का."

"कोणता?"

"तोच. लय इचार केला मी. चेंडू चालला होता आतच. पंखा नसता तरी गेला असता."

"न्हाई रे," मी म्हणलं. "थांबला होता. मी डोळ्यानं बघितलं. गोल न्हवता."

"हुता म्हणतो ना मी!"

"मी मारलेला, मला ठाऊक! न्हवता!"

"तुला खेळातलं काय कळतंय? मी समोर हुतो. गोल हुता!"

"सित्या, उगं मोठेपणा दावू नको. न्हवता म्हणजे न्हवता!"

आवाज एवढा चढला की घरमालकीण पंचफुलाबाई जिन्यातून वर आल्या, काय झालं म्हणून. सुकेशनीवहिनी दारात पेचकस घेऊन उभ्या. "काढू का बिजागऱ्या? का तुमीच काढता?"

मग सिताराम हसायला लागला. खाली बसून, पोट धरून. पंचफुलाबाई मैदानाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "ह्ये काय हाय? मला बी दावा की." आम्ही दाखवलं. त्यांची टिचकी बरी आहे. पालमचा संघ उभा राहू शकतो.

सामना मी चार-एक हरलो. मैदानाला मधे पायरी होती.

शेवटच्या यष्टीपर्यंत सोडायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "सरबतात साखर कमी हुती." मी म्हणलं, "गुरुजींना वर्ज्य हाय." गाडी निघाली.

येताना हात मोकळे होते. फळ्या पुन्हा सोडवत कोण बसणार, म्हणून मैदान तिथंच राहिलं. घरी आलो तर त्रिवेणीनं विचारलं, दिलं का टाकून एकदाचं? म्हणलं, कसलं टाकून. आता दर रविवारी पालमला जाणं आलं. सीझनचे दिवस, यष्टीची गर्दी, तिथला उकाडा, आणि वर पंचफुलाबाईंना शिकवायचं.

पण इलाज नाही. मैदान तिथं आहे.